चित्रातली फुली

प्रिय सेराइना,

तुझा नवरा ठणठणीत आहे, नाकाची साल तेवढी उन्हानं निघालीय. पाहुण्यांना वाट दाखवत तीन गावांचे उतार स्की करून झाले. तुझा अक्रोडाचा केक ह्या ईस्टरच्या पाहुण्यांनी पहिल्याच दिवशी फस्त केला. आपल्या लादिनाचा खोकला थांबला का?

इथं कालपासून दक्षिणेचा गरम वारा सुटलाय. फोन बंद पडलाय, म्हणून हे कार्ड बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, आज रात्रीच तो तुझ्या हातात देईल. खानावळीच्या म्हातारीनं आज शेळ्या डोंगराकडच्या गोठ्यातून थेट स्वयंपाकघरात आणल्या. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तू तुझे पाहुणे सांभाळ."

चौथ्या गावाला बसनं जाऊ म्हटलं, तर पाहुणे हसले. "तुम्ही या बसनं, काका! आम्ही जातो खिंडीतून." एकटे कसे सोडू त्यांना? उद्या पहाटे निघू, म्हणजे बर्फ मऊ व्हायच्या आत पलीकडे. तिथला फोन चालू आहे. पोचलो की करतो.

कार्डावरच्या चित्रात खिंडीखाली मी फुली मारलीय. हे भिंतीवर लावू नकोस. उद्या दुपारपर्यंत फोन आला नाही, तर बचावपथकातल्या तुझ्या भावाला दे. बर्फाखालची माणसं हुंगणारी कुत्री कुठं न्यायची, ते त्याला कळेल.

लादिनाला पापा.

तुझाच,
फ्लुरिन