तीन वर्षे शिकवीन म्हणणाऱ्यांसाठी

मी, निवृत्त गणित शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल फक्त भाच्याला शंका आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. माझ्या ठेवींच्या व्याजातून दरवर्षी एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याची फी भरावी. त्याने पुढे तीन वर्षे खाणीजवळच्या आमच्या शाळेत शिकवावे. मी निवृत्त झाल्यापासून तिथे गणिताला माणूस टिकत नाही. संस्थेचे सचिव दरवेळी म्हणतात, "बघू." बघून बघून त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला, शिक्षक काही आला नाही.

२. हा प्रयोग मी हयातीत एकदा केला आहे. मुलगी हुशार होती. फी भरली तेव्हा म्हणाली, "तीन काय मॅडम, पाच वर्षं शिकवीन." एम.एस्सी. होऊन शाळेत रुजू झाली, पण पहिल्याच सहामाहीच्या सुट्टीत गेली ती परतलीच नाही. शाळा उघडल्यावर दहावीची मुले वह्या काढून तिची वाट बघत बसली. शेवटी मुख्याध्यापकांनी मला बोलावले. बाई आता येणार नाहीत, हे मी वर्गात सांगितल्यावर एका मुलीने विचारले, "आम्ही त्रास दिला का?"

भाचा म्हणाला, "आत्या, वकिलाची नोटीस पाठव." मी स्वतःच तिच्या घरी गेले, तावातावाने. ती रडवेली होऊन म्हणाली, "एकट्या मुलीला तिथे कुणी खोली देईना, मॅडम. सचिवांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, बघू." माझ्या वेळी शाळेचे निवासस्थान होते. सचिवांनी ते गोदामाला भाड्याने देऊन टाकले आहे. मग माझा राग तिथून उठला आणि योग्य पत्त्यावर गेला.

३. म्हणून माझा हा शहरातला फ्लॅट विकून शाळेजवळ दोन खोल्या घ्याव्यात आणि शिकवायला येणाऱ्यांना बिनभाड्याने द्याव्यात. भाच्याने इथल्या खिडक्यांची मापे घेऊन ठेवली आहेत. पडदे त्याने स्वतःच्या घरी लावावेत.

४. सगळा कारभार माझ्या वकीलबाई आणि मुख्याध्यापकांनी बघावा. सचिवांनी यात बोट घालू नये. माझ्या शोकसभेत त्यांना माईकही देऊ नये.

५. कोणी मुदतीआधी सोडून चालले तर पैसे परत मागू नयेत. अडचण प्रत्येकाला असते. मात्र सुट्टीत गुपचूप जायचे नाही. शाळा भरलेली असताना प्रत्येक वर्गासमोर उभे राहून, आपण का चाललो ते मुलांना स्वतः सांगायचे. एवढे सांगून ज्याचा पाय निघेल, त्याने खुशाल जावे.

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: शाळा उघडण्याच्या आधीचा दिवस

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: समोरच्या घरातल्या निवृत्त नर्सबाई (सही)
साक्षीदार: दाखला देणारे डॉक्टर (सही, वाचता येत नाही)