दाराखालचा पत्रा

३ सप्टेंबर, बुधवार
अबू राशिदची जुनी पिकअप आमच्या गॅरेजात आली. त्याच्या वडिलांची. समुद्रावर होड्या ओढून ओढून दाराखालचा पत्रा पार सडलाय. वरून रंग झकास, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर थेट आत. कुणीतरी गंजावरच पुट्टी थापलेली. असल्या लोकांना धरून हाणायला पाहिजे.
त्याची अट: रेडिमेड पत्रा नको, पुट्टी नको, आणि काम इक्बालने, म्हणजे ह्यांनी, स्वतःच्या हाताने करायचं. ह्यांनी मान हलवली. मी चहा ठेवला.
ह्यांचा उजवा हात थरथरतो. अबुधाबीच्या डॉक्टरांनी वेल्डिंग साफ बंद केलं, तेव्हापासून गॅरेजमधलं वेल्डिंग मी करते. गिऱ्हाइकांना पत्ता नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
दाराच्या चौकटीत आडवे पाइप जोडले, मगच कापायला घेतलं. नाहीतर गाडी मधे वाकते आणि दार जन्मात लागत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून शिकवलंय ह्यांनी.
सडका पत्रा पापडासारखा तुटत होता. आतून किनाऱ्यावरची वाळू, शिंपल्यांचे तुकडे. बादली भरली.

१६ सप्टेंबर, मंगळवार
नवा पत्रा हातोडीने वळवून बसवला. वेल्डिंगचा एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे. सलग मारले तर पत्रा तापून वेडावाकडा होतो. हे स्टुलावर बसून दर टाक्याला, "थांब, गार होऊ दे." शेवटी मी म्हटलं, तुम्हीच जरा गार व्हा.
घासून झाल्यावर ह्यांनी डोळे मिटून डावा हात फिरवला. जोड कुठे आहे ते सापडेना. परत फिरवला.
"अरे," म्हणाले.
ह्यांच्याकडून एवढं म्हणजे ढीगभर. मी आज हवेत.

१७ सप्टेंबर, बुधवार
दुसरी बाजूही झाली. पत्रा आरशासारखा चमकतोय. ग्लोव्हज काढून मीसुद्धा ह्यांच्यासारखा हात फिरवून बघितला. एकदा नाही, सारखी बघत होते. माझाच पत्रा, माझेच लाड.
गंज रोखणारा प्रायमर राहिला. अजमानहून नणंद येणार होती, बिर्याणी टाकायची होती. म्हटलं सकाळी मारू.

१८ सप्टेंबर, गुरुवार
माती खाल्ली. रात्रभर खाडीवरची दमट हवा, सकाळी पत्र्यावर केशरी झाक. आणि जिथे जिथे हात फिरवला होता तिथे माझे पंजे उमटलेले, गंजाचे, घामाच्या हाताने मोहर मारावी तसे. रत्नागिरीत समुद्राशेजारी वाढले आणि हे विसरले.
त्यात अबू राशिद न सांगता आला. त्या पंज्यावर त्याने स्वतःचा हात ठेवून बघितला. त्याचा दुप्पट मोठा.
"ये किसका हाथ है?"
"हेल्पर का," हे म्हणाले.
आमच्याकडे हेल्पर नाही.
मी मागे जाऊन धुतलेले कप परत धुतले. तो गेल्यावर सगळं पुन्हा घासलं, जेवणाआधी प्रायमर मारून मोकळी. नुसतं वाईट नाही वाटलं, ह्यांचा राग आला. अजून आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
लेकीचा, सनाचा फोन. सिलिकॉन ओएसिसमधल्या तिच्या ऑफिसला आज वर्क फ्रॉम होम. सगळं सांगितलं.
"अम्मी, जस्ट टेल हिम. इट्स युवर वर्क."
म्हटलं, त्याची अट होती. कळलं तर बाजारभर सांगेल की इक्बालचा हात गेला. गॅरेज ह्यांच्या नावावर चालतं.
"अँड युवर नेम?"
तिला म्हटलं, जेव वेळेवर.
ह्यांनी फोनवरचं ऐकलं असावं.

४ ऑक्टोबर, शनिवार
गाडी न्यायला अबू राशिद आला. खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दाराखालून हळूहळू फिरवलं. खाली पुट्टी असती तर गळून पडलं असतं. कुठेही पडलं नाही. दोन्ही बाजूंना, टोकापासून टोकापर्यंत धरून राहिलं. मग दार लावलं. एका बोटाने लागलं. मागे उभी राहून मी ओढणीचं टोक चावत होते, नाहीतर ओरडले असते.
"माशाल्ला, इक्बाल. मेरे भाई की जीप भी तुम करना. अपने हाथ से." आणि हात पुढे केला.
एरवी हे उजवा हात खिशात ठेवतात. आज बाहेर काढला आणि त्याच्यासमोर धरला. हात थरथरत होता. धरूनच ठेवला.
"ये हाथ खलास है, अबू राशिद. काम शबाना ने किया. पूरा."
तो ह्यांच्या हाताकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
"मैंने एक शर्त रखी थी."
"हाँ. मैंने तोड़ी."
अबू राशिदने परत वाकून पत्र्यावर हात फिरवला. उठला. मला सलाम केला, ह्यांना केला, आणि पिकअप घेऊन गेला. जीपबद्दल चकार शब्द नाही.
हे स्टुलावर बसून विचारत होते, चुकलं का माझं. जीप येईल की नाही, तो बाजारात काय सांगेल, मला काय माहीत. म्हटलं, जीपचं राहू द्या, तो 'पूरा' परत म्हणा.
म्हणाले.