पाणी न शिरणारी बॅग

घरून, सोमवार

सौ. मार्लिसताईस ऑरिनचा नमस्कार.

इकडे सगळं बरं आहे. म्हणजे आपण मिनेसोटाची माणसं ज्याला बरं म्हणतो तेवढं. दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, शिडीवर चढू नका. चढणारच असतील तर तू खाली उभी राहा, निदान फोन करायला कुणीतरी हवं. दंव पडून आमचे टोमॅटो गेले. माझ्या लोइसची पाठ तशीच आहे. आई जेवते. शुक्रवारी तू पाच वाजेपर्यंत त्या वृद्धाश्रमाच्या दारात उभी होतीस, हे मला ठाऊक आहे. आठ महिने थांबून मिळालेली खाट होती, पाचनंतर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती, आणि गेली. फोनवर मी 'रस्त्यात जरा घोटाळा झाला' एवढंच म्हणालो आणि तू 'बरं' म्हणून फोन ठेवलास. ते 'बरं' तीन दिवस माझ्या कानात आहे. म्हणून हे पत्र. आधीच सांगतो, दोष बॅगेचा आहे.

बॅग का घ्यावी लागली हे तुला सांगायला नको, पण दाजींना सांग. आईला आपण रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, की मार्लिसच्या गावी एक चांगली जागा आहे, तिथं राहशील का. आपल्याकडे पहिलं 'नको' म्हणजे शिष्टाचार, दुसरं 'नको' म्हणजे भूक, आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस ताट पुढं करतो. आई तिसऱ्यांदाही नको म्हणाली. मग आपण विचारणं बंद केलं आणि सहल ठरवली. (सहल हा शब्द तुझा. मी फक्त वापरला.) आता सहलीला निघालेली चौऱ्याऐंशी वर्षांची बाई हिवाळी कोट, बर्फातले बूट, सहा नाईटगाऊन, गोधडी आणि बाबांचा फोटो घेऊन निघत नाही. हे सगळं गाडीत तिच्या डोळ्यांसमोर रचलं असतं तर तिला कळलं असतं. तिला कुठलं वर्ष चालू आहे ते कळत नाही, पण सामान कळतं.

तेव्हा मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. गाडीच्या मागं, ट्रेलर जोडायच्या चौकोनी नळीत बसते अशी एक लोखंडी जाळी मिळते, आणि त्या जाळीवर पट्ट्यांनी आवळायची ही मोठी काळी बॅग. सगळं सामान गाडीच्या बाहेर, मागं, बंपरच्या उंचीला. आत बसलेल्याला त्यातलं काही दिसत नाही. दुकानदार म्हणाला, पावसात ठेवा, गारांत ठेवा, आतल्या मोज्याला पत्ता लागणार नाही. खोक्यावर एका कुटुंबाचं चित्र होतं: तळं, दोन पोरं, एक कुत्रा, सगळे हसताहेत. त्यांच्या बॅगेत काय होतं ते लिहिलेलं नव्हतं. मी घरी येऊन तिच्यात कालचं वर्तमानपत्र ठेवलं, ती अंगणात मांडली आणि वीस मिनिटं तिच्यावर बागेच्या नळीनं पाणी मारलं. वर्तमानपत्र कोरडं निघालं. इतकं समाधान मला पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिनं लोइसला विचारलं, "तो कुणाला अंघोळ घालतोय?"

वृद्धाश्रमाचा नियम तूच कळवला होतास: प्रत्येक वस्तूवर नाव हवं. लोइसनं चिकटपट्टीच्या तुकड्यांवर काळ्या शाईनं आईचं नाव आणि खाली तुझा पत्ता लिहिला, आणि कपड्यांना ते तुकडे आतून टाचले. ही विद्या आईचीच. चर्चच्या जेवणाला जाणाऱ्या तिच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला अशीच पट्टी असायची: अल्विना ट्वेइट. जे घराबाहेर जातं त्यावर नाव हवं, असं ती म्हणायची. आपल्या दोघांच्या टोप्यांनासुद्धा होती.

गुरुवारी निघालो, मुक्काम बिस्मार्कला केला. शुक्रवारी सकाळी मोटेलच्या अंगणात आईला थंडी वाजली आणि निळा स्वेटर हवा झाला. स्वेटर बॅगेत. मी बॅगेची चेन थोडी उघडून हात आत घालून तो ओढत होतो, तोवर आई मागून येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "यात काय आहे रे?" मी म्हणालो, काही नाही, अवजारं. आणि चेनवर येणारी जी झडप असते ती घाईनं खाली दाबून टाकली. बाहेरून बॅग अगदी बंद दिसत होती. चेन ओढायची राहिली. (अवजारांतून स्वेटर कसा निघाला हे तिनं विचारलं नाही. तिच्या आजाराचे असे काही उपकारही आहेत.)

मोठ्या हमरस्त्यावर ट्रकांना ती घाबरते, म्हणून मी दक्षिणेचा जुना दोनपदरी रस्ता घेतला. त्या रस्त्याची रीत तुला माहीत आहे. समोरून गाडी आली की चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, आपणही उचलायचं. नाही उचललं तर गावभर होतं. एल्गिन गावाच्या पुढं लोक जास्तच मायाळू व्हायला लागले. एक बोट सोडून अख्खा हात करू लागले. एकानं दिवे उघडझाप केले. एका बाईनं ओलांडून जाताना काच खाली केली आणि दोन्ही हात हलवले, आणि त्या वेळी स्टिअरिंग कोण धरून होतं कोण जाणे. आम्हीही सगळ्यांना हात केले. लोइस म्हणाली, "इकडची माणसं अजून चांगली आहेत." मी म्हणालो, आहेतच. आई मागच्या सीटवर वळून मागची काच बघत बसली होती, आणि तीही हात करत होती.

मध्येच ती म्हणाली, "माझा गुलाबी गाऊन गेला."

लोइस म्हणाली, "हो आई, गेला." डॉक्टरांनी सांगितलंय, तिच्याशी वाद घालायचा नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आता बूट गेला. एकच." लोइस म्हणाली, हो आई. तिसऱ्यांदा म्हणाली, "गोधडी चालली, ऑरिन." मी आरशात बघितलं. आरशात रस्ता आणि आभाळ. बॅग त्याच्याही खाली, तिथं कुणाला दिसणार नाही, म्हणून तर घेतली होती. मी म्हणालो, जाऊ दे आई.

मोट नावाच्या गावाच्या अलीकडे एक पिकअप आमच्या पुढं येऊन थांबला. एल्रॉय फ्रीट नावाचा शेतकरी, साठीचा. तो उतरला, टोपी काढली, आधी हवेबद्दल बोलला, मग गव्हाबद्दल, आणि मग म्हणाला, "तुमचं काही पडलंय का? म्हणजे असेल तर. नसलं तर नसलं." त्याच्या सीटवर आईचे तीन नाईटगाऊन घड्या घालून ठेवले होते. घड्या त्यानंच घातल्या असाव्यात, खाकी पॅन्टच्या घालतात तशा होत्या. बॅगेत एक बूट, स्तोत्रांचं पुस्तक आणि बाबांचा फोटो उरला होता. बाबा वजनामुळे राहिले. बाकीची आपली आई तीस मैल रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपणांवर वाळत पडली होती.

एल्रॉय म्हणाला, घरी चला, कॉफी घ्या. आम्ही नको म्हणालो. तो म्हणाला, कॉफी तयारच आहे. नको म्हणालो. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत आई त्याच्या गाडीत जाऊन बसली होती.

तेव्हा ताई, असा प्रकार झाला. सामान नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी बाईला नव्या जागेत कसं ठेवणार? म्हणून परतलो. दुकानदाराशी मी बोलणार आहे. बॅग पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण बाहेर जाणाऱ्याचं काय, हे त्यानं सांगायला हवं होतं. दाजींना नमस्कार. शिडी शेजाऱ्याला देऊन टाक.

तुझा धाकटा भाऊ,
ऑरिन

ता.क. वरचं वाचून दाजी म्हणतील, सामान हरवलं म्हणून माणूस परत नेतात का, कपडे तर आमच्या गावातही मिळतात. आणि वेळ नव्हता असंही मला म्हणता येत नाही, कारण तिकडे पश्चिमेला घड्याळ एक तास मागं जातं. एल्रॉयच्या स्वयंपाकघरातून निघालो तेव्हा पाच वाजायला पाच तास होते आणि रस्ता चार तासांचा. बॅगेचं काही बिघडलेलं नाही. चेन ओढली की ती बंद होते. झालं ते असं. कॉफी पिताना आईनं मांडीवर तिचा गाऊन घेतला होता. उलटा करून तिनं ती पट्टी वाचली. आपलं नाव वाचलं, मग खालचा पत्ता वाचला, पुष्कळ वेळ. मग एल्रॉयच्या बायकोला म्हणाली, "मला मार्लिसकडे देताहेत." त्या बाईनं केक कापायचा थांबवला. आई म्हणाली, "असू दे. नाव लिहिलेलं भांडं परत येतं. म्हणून तर नाव लिहितात." ती रागानं म्हणाली नाही. चर्चच्या तळघरात एखादीला समजावून सांगावं तशी म्हणाली. मग मी उठलो, आणि गाडी काढताना पूर्वेकडे, आमच्या घराकडे, वळलो. बिस्मार्क येईपर्यंत लोइस हात करणाऱ्यांना हात करत होती.

ता.क. २. त्या भागातली माणसं प्रामाणिक आहेत आणि प्रत्येक वस्तूवर तुझा पत्ता आहे. म्हणजे या आठवड्यापासून तुला आईचे कपडे टपालानं येऊ लागतील. धुऊन पाठवतील, त्यांना ओळखतो मी. गोधडी बहुधा शेवटी येईल, ती कुंपणाच्या काटेरी तारेत गेली होती. कुणी काही सोबत घातलं असेल, जॅम वगैरे, तर तू खा. कपडे मात्र इकडे पाठवू नकोस. तुझ्याकडेच कपाटात राहू देत.

ता.क. ३. खरं म्हणजे हे पत्र यासाठीच. यादीत आईचं नाव पुन्हा घाल. शेवटी घातलं तरी चालेल, आठ महिने लागले तरी चालेल. लोइसची पाठ आईला टबातून उचलताना गेली आहे, हे मी वर लिहिलं नाही. काल आई पत्रं आलीत का बघायला सपाता घालून निघाली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. येणाऱ्या गाड्यांना हात करत होती. त्या थांबल्या. नेहमी थांबतील असं नाही. खाट मिळाल्याचा फोन वृद्धाश्रमवाले मला करतील, आणि मी नको म्हणेन. पुन्हा विचारलं तरी नको म्हणेन, मी स्वतःला ओळखतो. त्यांना सांगून ठेव, तिसऱ्यांदा विचारा.