पालथी घागर

प्रिय मल्लेश,

‘प्रिय’ वाचून घाबरू नकोस. पत्र असंच सुरू करायचं असं शाळेत बाईंनी शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. तीन वर्षं तुझी बायको होते तेव्हा तुला ‘अहो’ म्हणत होते. आता ‘तू’ म्हणणार आहे. राग आला तर येऊ दे. तू टॉवेलच्या गाडीबरोबर हैदराबादला गेलायस, बुधवारी येशील, असं महेश्वरी म्हणाली. तोवर हे पत्र तिच्याजवळ राहील. पाकीट डिंकानं चिकटवलंय. तरी तुझ्या या बायकोला वाचता येतं, एवढं लक्षात ठेव.

नऊ वर्षांत माझं काय झालं हे तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. माहेरी बसून दहावी केली, मग आशाताईचं काम लागलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागच्या चार गल्ल्या माझ्याकडं आहेत. कोण गरोदर, कुणाचं बाळ किती वजनाचं, कुणाला कुठली लस राहिली, सगळं मला तोंडपाठ असतं. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही चिंचोळीहून बिऱ्हाड हलवलंत ते नेमकं माझ्या गल्लीत. घरं मोजायला आले तर दार महेश्वरीनं उघडलं, कडेवर गुटगुटीत पोरगं. आत तुझी आई, अव्वा, टॉवेलच्या दशा वळत बसली होती. तिनं मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. सुनेला काही सांगितलं नाही. मीही नाही. मंजुनाथ, वय सहा महिने, एवढं वहीत लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. तेव्हापासून मी यायची वेळ झाली की तू मागच्या दारानं निघून जातोस, हे मला कळत नाही असं वाटतं काय तुला?

आमच्याकडं बाळ दगावलं की एक फॉर्म भरावा लागतो. पहिल्यांदा तो हातात आला तेव्हा मी आपल्या चिन्नीचाच भरून पाहिला. आईचं लग्नाचं वय: सतरा. गरोदरपणी आईचं वजन: चाळीसच्या आत. जन्मताना बाळाचं वजन: एक किलो नऊशे. पिण्याचं पाणी: पाच दिवसांनी नळ, तोवर पिंपातलं. आजार: जुलाब. रकान्यामागून रकाना भरत गेले आणि वाटलं, अरे, हे तर सगळं ठरलेलंच होतं की! त्यात माझं दूध कुठंच नव्हतं. मल्लेश, पुन्हा वाच. माझं दूध कुठंच नव्हतं.

आणि तू काय सांगितलंस? चिन्नी गेल्यावर पाचव्या दिवशी समाजाची माणसं ओसरीवर बसली होती, तुझे काका ईश्वरप्पा मधोमध. “हिचं दूध बाधलं पोरीला,” असं तू म्हणालास. खाली बघून म्हणालास, पण म्हणालास. मी दाराआड उभी होते. दूध अजून येत होतं, पदर भिजला होता. बाधलेल्या दुधाची बाई घरात ठेवून पुढची पोरं कशी जगवायची, असं ईश्वरप्पा म्हणाले, आणि महिन्याभरात मी माहेरी. आईनं विचारलं, तुझ्या दुधाला काय झालं गं? सख्ख्या आईनं. त्याचा सूड मी कसा घ्यायचा, हे नऊ वर्षं मनात घोळवत आलेय.

तो शनिवारी दुपारी हातात आयताच आला होता. ऊन असं की गल्लीत चिटपाखरू नाही. महेश्वरी दारात उभी होती, रडवेली. बाळाला कालपासून जुलाब लागलेत, अव्वा पाण्याचा थेंब पाजू देत नाहीत, अंगावरही घेऊ देत नाहीत, असं म्हणाली. मी आत डोकावले. कट्ट्यावर घागर पालथी. तीच. नऊ वर्षांपूर्वी चिन्नीच्या वेळी अव्वानं अशीच पालथी घातली होती आणि म्हणाली होती, “वरनं वतशील तेवढं खालनं जाईल. पोट वाळू दे, मंजी थांबंल.” जायफळ उगाळून चाटवत होती, दुसरं काही नाही. मी पाया पडत होते, चिन्नी माझ्या पदराला तोंड लावायला धडपडत होती.

खरं लिहायचं तर सगळंच लिहिते. महेश्वरीला ‘आले हं’ म्हणाले आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन उभी राहिले. पिशवीत जलसंजीवनीची पाकिटं होती. मनात आलं, जाऊ दे. एकदा यांचंही जाऊ दे. बघू आता कुणाचं दूध बाधलं म्हणतोय हा बहाद्दर. दोन रिक्षा गेल्या, एक सायकलवाला गेला, तरी मी तिथंच. तू मला कसली बाई करून ठेवलंस, ते मला त्या लिंबाखाली कळलं. मग बाळ रडलं. तो आवाज मी ओळखते, कोरडा. डोळ्यांत पाणीच नसतं. मी चप्पल तिथंच टाकून धावले.

घागर सरळ केली, पाणी उकळून निववलं, लिटरभर पाण्यात पाकीट फोडलं. मी स्वतः पाजू शकले असते. पण मी चमचा अव्वाच्या हातात दिला. म्हटलं, तुम्ही पाजायचं. एक चमचा, थांबा, परत एक चमचा. ती चमचा परत देऊ लागली, पण मी घेतला नाही. चार वाजता पोरानं लघवी केली आणि आजीच्या बोटाला धरलं. मग सरकारी दवाखान्यात नेलं, काल घरी सोडलं. तुझा मुलगा वाचलाय, हे आधी लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. तूही थोडा वेळ जीव मुठीत धरून वाचावंस असं वाटलं.

दवाखान्यात जायच्या आधी अव्वानं मला विचारलं, “दाक्षा, आपल्या चिन्नीला बी हे पाजलं आसतं तर?” नऊ वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते. मी म्हटलं, “व्हय अव्वा. वाचली आसती.” एवढंच. त्यानंतर तिनं अन्नाला हात लावलेला नाही. भिंतीकडं तोंड करून ‘मीच मारलं, मीच मारलं’ म्हणत पडलीय. आणि मला, खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. त्या दिवशी भाकरीसुद्धा गोड लागली.

दुसऱ्या दिवशी मात्र घास उतरेना, कारण जे अव्वाला माहीत नाही ते मला माहीत आहे. म्हणून हे पत्र. चिन्नीला पुरून आलो, त्यानंतर सहाव्या दिवशी मी धुणं धुवायला बसले. तुझ्या कामावरच्या निळ्या शर्टाच्या खिशात दोन पाकिटं होती, जलसंजीवनीची, न फोडलेली. त्यांवर सिस्टरनं पेनानं लिहिलेलं, ‘मल्लेश यांची मुलगी, आठ महिने, चमच्याने थोडे थोडे’. आणि तारीख, चिन्नी गेली त्याच्या आदल्या दिवसाची. तेव्हा माझं कुणी ऐकलं नसतं, म्हणून ती जपून ठेवली. तू आरोग्य केंद्रावर गेला होतास. तुला सगळं समजावलं होतं. घरी आलास, पालथी घागर बघितलीस, आणि आईपुढं तोंड उघडायची हिंमत झाली नाही म्हणून खिशावर हात ठेवून कामाला गेलास. अव्वा अडाणी होती रे. तू नव्हतास. आमच्या त्या फॉर्ममध्ये बापाच्या खिशाला रकाना नाही.

एक पाकीट या पत्रासोबत ठेवलंय, ओळखशील. दुसरं माझ्याकडं आहे. गुरुवारी दहा वाजता अंगणवाडीत लसीकरण आहे, मंजुनाथची गोवराची लस आहे. गल्लीतल्या सगळ्या बाया असतील. त्याला तू घेऊन ये, अव्वाला पण आण. त्याआधी तिला खिशाचं सांग. तू नाही सांगितलंस, तर तिथं सगळ्यांदेखत ते पाकीट मी तिच्या हातात ठेवीन आणि महेश्वरीला त्यावरचं मोठ्यानं वाचायला सांगीन. तुझी आई उपाशी आहे, मल्लेश. तिच्या पोटात घास जायला काय सांगावं लागेल, ते तुला ठाऊक आहे.

तुझी कुणीही नसलेली,
चिन्नीचीच आई,
दाक्षायणी