सूनबाईच्या परीक्षेआड आलेली टोळी

सूनबाई,

सांगून कोणाला पटायचं नाही, पण तू धाकटीला शाळेत सोडायला गेल्यापासून मी एकटा तुझ्या लॅपटॉपशी झुंजतोय. दुपारची परीक्षा हुकली तर बढती गेली, हे तुझं बोलणं काही केल्या डोक्यातून जात नाही. बसवत नाही, उठवत नाही.

परीक्षेच्या साइटवर 'सुरू करा' दाबलं की 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते आणि तोंडावर दार लावल्यासारखी बंद होते. ब्राउझर बदलून पाहिला, मशीन बंद करून चालू केलं. शेवटी असा दरडावलो की आतला पंखा घाबरून उलटा फिरायला लागला! हे परदेशी टोळीचं काम आहे, दुसरं काही नाही. त्यांचा म्होरक्या मघाशी मला फोनवर म्हणाला, "आजोबा, तुमच्यापुढे हात टेकले." तरी मी दुरुस्तीवाल्याला धरून आणतो. तू कशाला हात लावू नकोस. चहा गाळून ठेवलाय.

एक पाय चपलेत घालून हे लिहितोय, आणि तुझी सासू खांद्यावरून वाचून ओरडतेय, "कसली टोळी हो? पत्त्यांच्या खेळात फुकटचे डाव मिळावेत म्हणून काल तुम्हीच लॅपटॉपची तारीख पुढच्या वर्षात नेलीत! मागे बँकेची साइट याच पायी अडली होती. ती चप्पल काढा आणि आधी तारीख सरळ करा!"