जोथमची टेकडी

४ मार्च

रॉइसनं टेकडी विकली!

आणि मला कळलं ते पेपरातून. सख्खा धाकटा भाऊ. दर रविवारी डॅडींच्या वृद्धाश्रमात समोरासमोर बसतो, बर्फ घातलेला गोड चहा पितो, हवापाण्याच्या गप्पा मारतो — या बाबतीत चकार शब्द नाही! नोटीस छापून आलीय: टॉलिव्हर टेकडीवर गोदाम होणार, माथ्यावरच्या 'बेवारस' कबरी उकरून गावच्या दफनभूमीत एका खड्ड्यात हलवणार, कुणी वारस असल्यास मेमधल्या सुनावणीत पुराव्यासह हरकत घ्यावी.

बेवारस! आमचा मूळपुरुष जोथम टॉलिव्हर आहे तिथे. व्हर्जिनियात इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हापासून. अख्ख्या काउंटीला ठाऊक आहे.

रॉइसला फोन केला. "मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे, नेल्डा. डॅडींनीच दिलंय. आणि तिथे आहे काय? दगड न् साप."

मी फोन आपटला. दुसरं काय करणार?

५ मार्च

झटक्यानंतर डॅडींचं अर्धं तोंड अजून वाकडंच आहे. शब्द एकेक करून बाहेर पडतात. मला पाहिलं की पहिला प्रश्न तोच, "टेकडीवरचं — गवत — कापलं?"

"थंडी आहे डॅडी. अजून वाढलं नाही."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

११ मार्च

कोर्टाच्या दप्तरखान्यात गेले. तिथले स्पायव्ही माझ्याच वर्गात होते शाळेत, पण आज अगदी साहेब झाले होते. "दगडांवर नावं आहेत का?"

नाहीत. नांगरताना निघतात तसले ओबडधोबड दगड उभे रोवलेत, एक उशाला, एक पायथ्याला.

"आजोबा सांगायचे की—"

"आजोबा येणार आहेत का साक्षीला?" वर हसले! मग जरा मऊ झाले. आपल्या इथली जुनी बाडं यादवी युद्धात जळाली, म्हणाले. पण जोथमच्या वेळी आपली काउंटी वेगळी झालीच नव्हती. पूर्वेच्या थोरल्या काउंटीत जाऊन बघ.

२० मार्च

थोरल्या काउंटीत दिवसभर. काही नाही.

२७ मार्च

पुन्हा गेले. एक नाही, तीन जोथम टॉलिव्हर निघाले! एकानं मृत्युपत्रात पुतण्याला डुकरं ठेवली. एक अविवाहित मेला. तिसऱ्याची नुसती जमिनीची सनद — "ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून उत्तरेस अमुक काठ्या, तिथून गमच्या झाडापर्यंत, तिथून शेजाऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत." ओक नाही, गम नाही, शेजारी नाही. आता कोपरा शोधू कुठे? अक्षर असं की s कुठला न् f कुठला कळत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं. दप्तरखान्यातल्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी रुमाल दिला. मग खरंच रडले.

२ एप्रिल

रॉइस येऊन गेला. माझी मक्याची भाकरी खाल्ली, दोनदा वाढून घेतली, आणि म्हणाला, "अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसासाठी माझ्याशी बोलणं टाकलंस. जिवंत भाऊ एकच आहे तुला."

गाडी वळेपर्यंत खिडकीत उभी होते. बोलावलं मात्र नाही.

९ एप्रिल

सापडलं! जोथमचं मृत्युपत्र! आपलाच जोथम — तोच ओढा, टेकडीखालचा तोच झरा, आजोबा सांगायचे तोच मुलगा अँब्रोस. सगळं जुळतंय. थोरल्या काउंटीच्या दप्तरखान्यात मोठ्यानं ओरडले, लोक बघायला लागले.

पूर्ण वाचलं नाही अजून. नक्कल घेऊन आलेय.

१० एप्रिल

वाचलं.

उतरवून ठेवते. नाहीतर उद्या मीच म्हणेन, असं काही नव्हतंच.

"माझा देह नदीपलीकडे भावाच्या जमिनीत, माझ्या पहिल्या बायकोशेजारी ठेवावा. अँब्रोसला राहतं घर आणि झऱ्यावरची टेकडी. मात्र टेकडीच्या माथ्यावर माझे गुलाम पुरले जातात तेवढा तुकडा नांगरू नये. फीबीची मुलं तिथे आहेत आणि तिनं तशी विनंती केली आहे. फीबी आणि तिचा उरलेला मुलगा आयशम अँब्रोसला. पिसांची गादी व मोठं पातेलं धाकट्या मुलीला."

फीबी, आयशम, गादी, पातेलं. सगळं एका दमात.

नदीपलीकडे आता धरणाचं पाणी आहे. जोथम त्याच्या तळाशी. आम्ही इतकी वर्षं ज्यांच्यापुढे टोप्या काढून उभे राहिलो, ते आमचे नव्हतेच. आमचे — लिहिताना पेन अडलं. जोथमच्या हिशेबानं आमचेच होते.

१२ एप्रिल

रॉइसला दाखवलं. त्यानं वाचलं, चष्मा काढला, पुसला. मग म्हणाला, "म्हणजे आपण वारसच नाही. सुटलीस की तू!" पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. जाताना चहासुद्धा घेतला नाही.

स्पायव्हींनीही तेच सांगितलं. पुरावा पक्का, पण माझ्याविरुद्ध. मला हरकत घेता येणार नाही. तिथे पुरलेल्यांचे वारस आले तरच.

डॅडींना विचारलं, "टेकडीवर कोण आहे, डॅडी?"

"आपली — माणसं."

काय समजू? पुढे विचारायचं धैर्य झालं नाही.

१८ एप्रिल

आमच्या काउंटीत टॉलिव्हर दोन — गोरे आणि काळे. एकच नाव का, हे दोन्हीकडे कुणी मोठ्यानं विचारत नाही. लुव्हेनिया टॉलिव्हर तीस वर्षं पोस्टमास्तर होत्या. माझं प्रत्येक टपाल त्यांच्या हातून गेलंय. त्यांच्या भावाचं नाव आयशम. वडिलांचंही आयशम. आयुष्यभर ऐकलेलं नाव, आणि कधी कानात शिरलंच नाही!

आज त्यांच्या ओसरीवर गेले. पहिल्यांदाच. त्या शेंगा सोलत होत्या. आत या म्हणाल्या नाहीत, खुर्ची मात्र पायानं पुढे सरकवली.

कागद दिला. वाचत असताना अंगठा शेंगेवरच थांबला होता. आयशमच्या नावापाशी पोचल्या असाव्यात.

"फीबीचं नाव आमच्याकडे आहे," म्हणाल्या. "आजी सांगायची. कुठे पुरलं ते नव्हतं माहीत. फक्त एवढंच, की मुलांजवळ."

"मी हरकत घेऊ शकत नाही. तुम्ही घेऊ शकता. टेकडी वाचेल."

"टेकडी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नेल्डा, तुला नेमकं काय वाचवायचंय?"

मी पर्स उचलून उभी राहिले.

"कागद ठेवून जा. घरच्यांशी बोलावं लागेल."

२९ एप्रिल

काही निरोप नाही. दोनदा त्यांच्या घरावरून गाडी नेली. थांबले नाही. कुठल्या तोंडानं घाई करू?

६ मे

यंत्रं आलीत. टेकडीच्या पायथ्याशी पिवळी रांग. डॅडींनी गवताचं विचारलं. मी त्यांच्या कपाळावरचे केस सारखे करत बसले.

१२ मे

सुनावणी. मी मागच्या बाकावर. नोटीस वाचून झाली, न्यायाधीशांनी विचारलं, "कुणी वारस?" — आणि दार उघडलं. लुव्हेनिया! रविवारची टोपी घालून, मागे भाऊ, मुलं, नातवंडं, चर्चची माणसं. कोर्टातली बाकं पुरेनात.

"मी फीबीच्या मुलाच्या वंशातली," त्या म्हणाल्या. "तिच्याबद्दल काय करायचं ते आम्ही ठरवणार."

काम थांबलं! निकाल लिहिला जाताना रॉइस माझ्या शेजारी येऊन बसला. बाहेर मी लुव्हेनियांचा हात धरून हमसाहमशी रडले. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. दाबलाही नाही.

टेकडी वाचली. टेकडी वाचली!

१३ मे

सकाळी लुव्हेनियांचा फोन.

"आमचं ठरलंय. फीबीला आणि मुलांना आम्ही घेऊन जातोय. आमच्या चर्चच्या आवारात, प्रत्येकाला वेगळी जागा. टॉलिव्हरांच्या जमिनीत तिला खूप दिवस ठेवलं. आता पुरे."

टेकडीचं काय, असं ओठावर आलेलं गिळलं. विचारलं, "मी येऊ का?"

पलीकडे शेंग मोडल्याचा आवाज झाला.

"ये. मागे उभी राहा."