ठासणीच्या बंदुकीचा गज

आप्पा, तुमची बंदूक तुमच्या पणतीनं कॉम्प्युटरात उतरवली आहे. नळी तशीच लांब, लाकडी दस्ता तसाच, दस्त्याला चीर गेली तेव्हा तुम्ही तांब्याची पट्टी ठोकली होती ती सुद्धा आहे. फरक एवढाच, की ती बंदूक आता पंख असलेल्या सापावर चालवायची असते आणि चालवणारी बाई कमरेखाली वाघीण आहे. मी बघितलं आणि हसून हसून मला ठसका लागला. पोर म्हणाली, "आज्जी, हसू नको गं, ह्याच्यावर माझं पोट हाय."

तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, पण मी तुम्हाला एक ओळ कधी लिहिली नाही. लिहिणार काय? ओढ्याला पाणी आलं की मास्तरच गावात येत नाहीत, तू तरी जाऊन काय करतीस, असं म्हणून तुम्ही मला चौथीतनं काढलं. त्याचा राग नाही. पण अक्षर बैल मुतल्यासारखं वाकडं चाललंय, ते तेवढं पोटात घाला.

ही पोर माझ्या लेकाची लेक. बेंगळूरला खेळ तयार करणाऱ्या कंपनीत आहे. तिथं ती हत्यारं काढते. तलवारी, भाले, बाण, बंदुका, सगळं बसल्या जागी. सध्या महिनाभर घरातनंच काम आहे म्हणून सोप्यात पाय पसरून बसलेली असते, कानाला ते यंत्र लावून. परवा शेजारीण चहाला आली होती, तिनं विचारलं, नात काय करती. मी म्हटलं, हत्यारं करती. बाईनं कप खाली ठेवला आणि आधी दाराकडं बघितलं. मला लई बरं वाटलं. आमच्या घरातल्या बायकांकडं बघून कुणी कप खाली ठेवला असं याआधी झालं नव्हतं.

तर ही मला विचारते, "आज्जी, पणजोबांची बंदूक भरायची कशी?" खरी बंदूक दाखवायला घरात नाही, ती पोलीस ठाण्यात आहे. तुमच्या मागं परवाना तुमच्या जावयाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, नावावर झाला होता. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत वाढलेला माणूस, घरजावई म्हणून आला तेव्हा त्याला डुक्कर आणि बोकड ह्यातला फरक लांबनं कळत नव्हता. त्यांनी जन्मात दोन-तीन बार काढले असतील, ते पण डोळे मिटून. त्यांचं खरं काम म्हणजे इलेक्शन आलं की बंदूक पोत्यात गुंडाळायची, बसनं ठाण्यात नेऊन जमा करायची आणि मतं मोजून झाली की परत आणायची. एकदा कंडक्टरनं पोतं चाचपून विचारलं, "काय आज्जा, बॉर्डरला निघालाय काय?" हे म्हणाले, "व्हय की, कोगनोळीच्या." कोगनोळीला महाराष्ट्राच्या हद्दीचा नाका, सगळी बस हसली. गेल्या इलेक्शनला त्यांनी बंदूक जमा केली आणि परत आणायच्या आधी तेच गेले. तेव्हापासनं ती ठाण्यातच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग मी चुलीजवळची फुंकणी घेतली, ती झाली नळी. छत्रीची मोडकी दांडी झाली गज. दारू म्हणून रवा. सोप्यात मांडी घालून पोरीला दाखवलं. आधी दारू ओतायची, मग चिंधी कोंबायची, मग गजानं ठासायची. ठासताना तोंड बाजूला. मग छर्रे, परत चिंधी, परत ठासायचं. मग घोडा ओढून खाली केप बसवायची, टिकलीएवढी, तिच्यावर घोडा आपटला की ठिणगी. एवढं करून रानात ओल असली तर नुसतं फुस्स. पोर मोबाइलवर चित्र घेत होती, मी थांबल्यावर म्हणाली, "आज्जी, दीड मिनिट झालं. खेळात दोन सेकंदांत व्हाया पायजे." मी म्हटलं, दोन सेकंदांत तर नाक पण शिंकरून होत नाही.

ह्याच्यावर त्यांच्या कंपनीत लई भांडण आहे म्हणे. एक जण म्हणतो, जिथं सापाला पंख आहेत तिथं बंदूक खरी कशाला हवी, काठीतनं वीज पाडा. दुसरी म्हणते, खऱ्यासारखी बंदूक लेकरांच्या हातात द्यायचीच नाही, खेळात सुद्धा नाही. पोरीनं मोबाइल मोठ्या आवाजात केला आणि म्हणाली, आमची आज्जी बंदुकीच्या घरातली आहे, तिला विचारा. मला काय, विचारल्यावर मी बोलते. मी म्हटलं, "बाळांनो, साप खोटा असला तर चालतंय. साप कुणाच्या घरात टांगलेला नसतोय. पण बंदूक दाखवताय तर पुरी दाखवा. खांदा दुखतोय ते दाखवा, धुरानं समोरचं काय दिसत न्हाय ते दाखवा. बोट लावलं की झालं, असं दाखवू नका."  तिकडनं कुणीतरी म्हणालं, आज्जींना कामावर घ्या.

तुम्हाला हे पटणार नाही, मला ठाऊक आहे. मी सात वर्षांची असेन. तुमची बंदूक खुंटीवरनं काढून मी परड्यातल्या कोंबडीवर धरली होती आणि तोंडानं ठो केलं. तुम्ही मागनं येऊन अशी थप्पड दिलीत की कानात दिवसभर पिपाणी वाजत होती. मी रडत म्हणाले, "रिकामी हाय की!" तुम्ही म्हणाला, "रिकामी बंदूक म्हणून काय नसतंय. भरल्याली, न्हायतर भराय घेतल्याली." आणि दुसऱ्या दिवशी कळकाच्या पेराची एक बंदूक करून दिलीत. मागनं काडी दाबली की पुढनं हिरवं फळ टक् करून उडायचं. "खेळायची ती ही. खेळण्यातलं खेळण्यासारखं दिसावं." तुमचं ते बोलणं मी लई वर्षं खरं धरून चालले. आता वाटतं, दिसण्याचं एवढं काही नसतं. ती चालवणं किती सोपं आहे असं वाटतं, त्यात सगळं आहे.

हे सगळं ऐकून माझा लेक जेवताना म्हणाला, "आई, तिला आणि नाद लावू नको. असल्या खेळानं पोरं बिघडत्यात, वर्तमानपत्रात येतंय." पोरीनं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "पप्पा, मग त्या अर्जाचं काय?"

अर्ज असा, की तुमची बंदूक आता लेकाला त्याच्या नावावर करून पाहिजे. मी वारस, म्हणून माझी हरकत नाही अशी सही पाहिजे. कागद कानडीत आहे, पोरीनं मला वाचून दाखवला. लेक बेळगावात नोकरीला, सकाळी जातो आणि दिवेलागणीला येतो. रताळ्याचं रान वाट्यानं दिलेलं, त्याला बॅटरीची तार लावलेली. डुक्कर तारेला नाक लावतंय आणि मागं फिरतंय. तुमच्या वेळचं वेगळं होतं. डुकरानं ज्याची मांडी फाडली होती तो माणूस मी बघितला आहे. रानाच्या कडेला बंदुकीशिवाय घर म्हणजे दाराशिवाय घर, असं तुम्ही म्हणायचा, आणि ते तेव्हा खरं होतं. तुमचा एक बार निघाला की आठ दिवस रताळी आमची असायची. म्हणून बंदूक वाईट असं माझ्या तोंडातनं निघायचं नाही.

पण लेकाला ती डुकरासाठी नको आहे. शेजाऱ्याच्या नातवानं ट्रॅक्टर घालून बांध कोरला आहे, नांगराच्या दोन तासांएवढा आत आला आहे. तोच बांध, आप्पा, आणि तेच घर. लेक म्हणतो, "मी काय मारणार हाय व्हय कुणाला? भिंतीवर असली की माणूस जपून बोलतंय." पोर म्हणाली, "आणि न्हाय बोलला जपून तर?" त्यानं ताक मागितलं.

आणि मला ती दुपार दिसायला लागली. तुम्ही बांधावरनं येताय, पटका काखेत, तोंड काळंठिक्कर.  खुंटीवरनं बंदूक काढताय. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, तिचे हात थांबत नाहीत. ती म्हणते, "जावा, जावा हिंडलग्याला. जेलात आयती भाकरी मिळत्या, मला तेवढीच थापायला कमी." तुम्ही दारू ओतली. चिंधी कोंबली. मग नळीखालच्या खाचेत हात घातला, आणि गज नाही. कोनाडा बघितला, माळा बघितला, शेणीची रास उलटी केली. "गज कुठाय?" आई म्हणाली, "मला काय ठावं." मग तुम्ही परड्यातनं कळकाची काठी तोडून आणली, कोयत्यानं तासली आणि रागारागानं ठासायला गेला. काठी नळीत अडकली आणि मोडली.

पुढचं सगळं गाव सांगायचं. तुम्ही उंबऱ्यात बसून सांजपर्यंत ती काठी उकरत होता. आवाज ऐकून शेजारचे आण्णा आले, ज्यांनी बांध कोरला होता तेच. म्हणाले, "काय अडाकलं, आप्पा?" तुम्ही म्हणाला, "काठी." आण्णा समोर बसले आणि त्यांनी नळी दोन्ही हातांनी धरली, तुम्ही सांडशीनं ओढायला लागला. ज्याच्यासाठी दारू ओतली, तोच नळी धरून बसला होता. त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. आईनं दोघांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी पंचांनी दोरी धरली आणि बांध जागेवर आला.

त्या साली खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ मांडून तुम्ही बंदुकीला हळदकुंकू लावलं आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाला, "त्या दिशी तू गज लपवलास म्हणून मी आज हितं बसून पोळी खातोय." आई ना हो म्हणाली ना नाही. तुमच्या ताटात अजून एक पोळी वाढली. तेव्हापासनं आमच्या घराण्यात आईचं ते शहाणपण सांगतात. मी पण सांगते. पोरीला सांगितलं तर ती उडालीच, आणि आता तिनं खेळात घातलं आहे, की गज हरवला तर बंदूक नुसतं लाकूड. कंपनीत पहिल्यांदा कुणाला आवडलं नाही, आता म्हणे आवडायला लागलंय. लोक गज हुडकत फिरतात आणि तोवर साप उडून जातो.

पण आप्पा, आईनं गज लपवला नव्हता. मी नेला होता. शाळेजवळच्या चिंचेला काठी पुरायची नाही, गज कसा हातात बसायचा आणि वजनदार, एका फटक्यात पाच-सहा आकडे खाली. आईनं हाक मारली म्हणून मी तो बेचक्यात तसाच ठेवून पळत घरी आले. त्या दुपारी तुम्ही माळा धुंडत होता तेव्हा मी ताटाला चिकटून बसले होते, थप्पड आठवत. शहाणपण कसलं, नुसती भीती होती. चार दिवसांनी गज गुपचूप खाचेत सरकवला, त्याला चिंचेचा चीक लागला होता. आईनं तो पुसलेला मी बघितला. ती मला काही बोलली नाही. तुम्हाला सांगायची हिंमत मला झाली नाही, आणि मग ती गोष्ट एवढी चांगली झाली की मोडवेना. आईचं नाव झालं ते झालं, म्हटलं असू दे.

अर्ज माझ्या उशाशी आहे. लेक रोज विचारतो, "आई, सही झाली?" मी सांगते, चष्मा सापडत नाही रे बाबा. तो देवघरात बघतो, गादीखाली बघतो, एकदा फ्रिजमध्ये सुद्धा बघितला. पहिल्या दिवशी चिडला, दुसऱ्या दिवशी नवा करून आणतो म्हणाला, मी म्हटलं माझे डोळे त्या जुन्यालाच सरावलेत. काल विचारायचा विसरला. बांधावर जाऊन आला होता, शेजाऱ्याचा नातू म्हणतोय मोजणी करून घेऊ, असं जेवताना आपणहून सांगितलं. उद्या परत तापेल सुद्धा, तुमचाच नातू आहे. तेव्हा परत विचारेल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला कळतं. अर्जाच्या घडीत ठेवून देणार आहे. पोर समोर बसून तिचा साप रंगवते आहे आणि अधनंमधनं माझ्या नाकावरच्या चष्म्याकडं बघते आहे. काही बोलत नाही, आईसारखीच. गज मी तेव्हा विसरले होते, आप्पा. चष्मा मी विसरलेली नाही.